इळापाना

चंद्रभानभाऊंच्या मणक्याचा एक्स-रे डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा मी त्यांच्याशेजारी उभा होतो. कमरेच्या जरा वरचा एक मणका दबला होता म्हणे. मला ते काही दिसलं नाही, पण मी मान हलवली.

"गाडी कोणती चालवता काका?"

"येझदी. चौऱ्याऐंशी सालची."

"विकून टाका."

"ते सोडून बोला डाक्टरसाहेब," चंद्रभानभाऊ म्हणाले.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी एक महिन्याची मुदत दिली. पट्टा बांधायचा, गोळ्या घ्यायच्या, आणि गाडीचे दणके कमी होतील असं काही करता आलं तर करायचं. महिन्याने दुखणं तसंच असेल तर फटफटी कायमची बंद. पुण्याला त्यांचा मुलगा श्याम आहे. त्याला हे कळलं तसं त्याने त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं की जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस त्याच्या ओळखीचा आहे आणि दिवाळीत तो गाडी न्यायला येईल.

चंद्रभानभाऊ माझे शेजारी. अमरावतीला रुक्मिणीनगरच्या बाजूला आमच्या दोघांच्या घरांची एकच भिंत आहे. मी चित्रकलेचा मास्तर होतो, आता काही नाही. लिहिण्याची मला सवय नाही. चंद्रभानभाऊ जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावोगाव जाऊन गाईंना कृत्रिम रेतन करायचं हे त्यांचं काम. आधी तेल्हारा, मग शेवटची सतरा वर्षं चांदूर बाजार. हुद्द्याने ते डॉक्टर नव्हते, पण त्या भागात कोणीही त्यांना 'डाक्टर' असंच म्हणतं. एखाद्या वाड्यासमोर गाडी थांबवून ते म्हणतात, "ही तांबडी माई नात व्हय." म्हणजे त्या गाईच्या आजीच्या रेतनाच्या वेळी ते होते.

अमरावतीत त्यांना कोणी ओळखत नाही. वहिनी नातीचं करायला तीन वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या, त्या तिथेच आहेत. भांडण वगैरे नाही. रोज व्हिडिओ कॉल होतो. त्यात चंद्रभानभाऊ फोन असा धरतात की वहिनींना फक्त पंखा दिसतो. सकाळी कॉल झाला, वरणाचा कुकर लावला, की दिवस मोकळा. मग ते येझदी काढतात आणि चांदूर बाजारकडची गावं फिरतात. कोणाच्या ओट्यावर बसतात, कोणाच्या म्हशीच्या कासेला हात लावून पाहतात, चहा होतो, चार शिव्या ऐकतात. संध्याकाळी परत येतात तेव्हा त्यांचा आवाज मोठा झालेला असतो. ज्या दिवशी गाडी बंद असते त्या दिवशी भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही. म्हणून गाडी जाणार म्हणजे काय जाणार, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं, असं मी म्हणू शकतो.

आता दणक्यांचं. गाडीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना स्प्रिंग असते, शॉकअप. त्याच्या बुडाशी खाचा असलेली एक कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीच दाबली जाते आणि गाडी कडक होते. उलट फिरवली की नरम. नोकरीत असताना चंद्रभानभाऊ मागे रेतनाच्या मात्रा ठेवायचा नायट्रोजनचा जड कॅन बांधून न्यायचे, त्यामुळे दोन्ही कड्या सर्वांत कडक टप्प्यावर होत्या. कॅन गेला, नोकरी गेली, कड्या तशाच राहिल्या. कडक स्प्रिंगवर एकटा हलका माणूस बसला की गाडी त्याला खड्ड्याखड्ड्याला वर फेकते.

एवढंच करायचं होतं. दोन कड्या नरम बाजूला फिरवायच्या.

अमरावतीतल्या एका मिस्त्रीने छन्नी लावून हातोडा मारला. उजवी कडी करकरत नरम टप्प्यावर गेली, पण तिच्या सगळ्या खाचा उडाल्या. डावी हललीच नाही. तिच्या चार खाचांपैकी तीन गेल्या. चौथीवर त्याने छन्नी ठेवली तेव्हा चंद्रभानभाऊंनी त्याचा हात धरला.

"हे छन्नीचं काम नाई बावा. याले इळापाना लागते."

"काय लागते?"

"इळापाना."

मिस्त्री माझ्याकडे पाहून हसला. मला वाटलं, मला माहीत नाही पण असेल काहीतरी.

विळ्याला आमच्याकडे इळा म्हणतात. चंद्रभानभाऊ सांगत होते तो पाना विळ्यासारखा वाकडा, टोकाला एक दात. तो दात खाचेत बसतो आणि पाना कडीला मिठी मारल्यासारखा धरतो. तेल्हाऱ्याला असताना अकोल्यात सूर्यभान नावाचा मिस्त्री होता, तो त्यांची गाडी करायचा. त्याच्याकडे हा पाना होता. सूर्यभान जाऊन दहा वर्षं झाली होती. पण पाना म्हणजे पाना, कुठल्याही दुकानात मिळेल, असं चंद्रभानभाऊंना वाटत होतं.

आम्ही दुकानं पालथी घातली. राजापेठ, जयस्तंभ, बडनेरा. सगळीकडे चंद्रभानभाऊ काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणायचे, "इळापाना दाखवा." एका दुकानात मालकाने चष्मा वर केला.

"काका, इळा पायजे का पाना पायजे? एक तं ठरवा."

"दोन्ही एकच असते."

"मंग सोयाबीन कापाची हाय का गाडी खोलाची हाय?"

दुकानातले चार जण हसले. चंद्रभानभाऊ बाहेर आले आणि मला म्हणाले, "आजकालच्या पोट्ट्याइले नावंच माहीत नाई." मालक साठीचा होता.

श्यामला कडीचा फोटो पाठवला. त्याने पुण्याहून काहीतरी मागवून दिलं. खोक्यातून निघालेला पाना आकडेदार होता, चकचकीत होता, पण मोठ्या यंत्राचा होता. कडीवर लावला की निसटायचा. दुसऱ्यांदा निसटला तेव्हा चंद्रभानभाऊंची बोटं सोलून निघाली. त्यांनी तो खोक्यात परत ठेवला, खोक्यावर चिकटपट्टी लावली आणि फोनवर श्यामला सांगितलं, "मस्त हाय." नंतर मला म्हणाले, "त्याले काहून दुखवाचं?"

याच दिवसांत एक शोध लागला. एकदा औषधाच्या दुकानातून येताना त्यांनी मला मागे बसवलं होतं. घरी उतरल्यावर ते काही वेळ गाडी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी मांगं असले तं कमी उडते."

कारण सोपं होतं. कडक स्प्रिंगला वजन हवं असतं. माझं वजन बावन्न किलो, पण तेवढंही पुरत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी भिंतीवर थाप मारली. "चला मास्तर, वजन व्हा." मी टोपी घातली आणि वजन झालो. त्या महिन्यात मी त्यांच्यामागे बसून जितकी गावं पाहिली तितकी आधीच्या पंधरा वर्षांत पाहिली नव्हती. मी कोणाशी फार बोललो नाही. ओट्याच्या कडेला बसायचो. लोक विचारायचे, "हे कोन जी डाक्टर?" तर ते म्हणायचे, "हे मास्तर. माया शॉकअपचं औषध." एका बाईने मला न विचारता चहात साखर कमी घातली, कारण आदल्या खेपेला मी अर्धा कप ठेवला होता, हे तिच्या लक्षात राहिलं होतं.

खरं सांगायचं तर पाना सापडू नये असं मला एकदोनदा वाटलं. पण मोठा खड्डा आला की पुढून दात आवळल्याचा आवाज यायचा, तो मला ऐकू यायचा. आणि त्यांना रोज कोणाला तरी सोबत न्यावं लागणं आवडत नव्हतं. ते तसं म्हणाले नाहीत.

मुदतीचे सात दिवस उरले तेव्हा ते म्हणाले, "अकोल्याले जाऊ. सूर्यभानच्या घरी पाना असनच."

नव्वदेक किलोमीटर. रस्ता आता गुळगुळीत झाला आहे म्हणून जमलं. मूर्तिजापूरला थांबलो, बोरगाव मंजूला थांबलो. साडेअकराला आम्ही मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात सूर्यभानचं घर विचारत होतो. गॅरेजच्या जागी आता मोबाईलची दुकानं झाली होती. मागे दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात तीन बकऱ्या. सूर्यभानची बायको वच्छलाबाई बकऱ्यांसाठी पाला बारीक करत बसली होती. सत्तरीची असेल. तिने चंद्रभानभाऊंना ओळखलं, पण उठली नाही.

"फटफटीवाले डाक्टर ना? बुढे झाले तुमी."

"तुमी तरी कुठं पोरी राह्यल्या वहिनी."

ती हसली. पाणी दिलं. सूर्यभानचं शेवटचं आजारपण दोन वाक्यांत सांगून झालं. मग चंद्रभानभाऊंनी विषय काढला. सूर्यभानची अवजारं आहेत का? त्यातला तो इळापाना?

वच्छलाबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"कोणता?"

"इळापाना. शॉकअपची कडी फिरवाचा."

"अगाई!" ती म्हणाली. "तो काई पाना होता काय? इळा होता तो! माया इळा! माया मायनं तेल्हाऱ्याहून देल्ता. या मानसानं मले न इचारता त्याची धार घासली, टोक वाकवलं अन् पाना केला. कोण्या फटफटीसाठी केला म्हने. मी आठ दिवस बोलली नोहोती."

चंद्रभानभाऊंनी दाराबाहेरच्या येझदीकडे पाहिलं. कोण्या फटफटीसाठी, ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की जगात या वस्तूचं हेच नाव आहे. सूर्यभानने मात्र समोर दिसलं ते नाव म्हणून सांगितलं होतं. विळ्याचा पाना, इळापाना.

"मंग आता कुठं हाय तो?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने हातातला विळा वर धरला. त्याला पाल्याचा हिरवा रस लागला होता.

"तो गेल्यावर मी लोहाराकडून टोक सरळ करून घेतलं. धार लावली. माया इळा मले वापस भेटला."

दातही नव्हता, वाकही तेवढा राहिला नव्हता. चंद्रभानभाऊंनी हात पुढे केला तसा तिने विळा मागे घेतला. "नाई बावा. एकडाव नेला ते नेला. आता नाई देत."

"नाई मांगत वहिनी."

ते अंगणातल्या खाटेवर बसले. पाठीचा पट्टा त्यांनी सदऱ्यावरून चाचपला. आता सात दिवसांनी काय होणार ते मला दिसत होतं. मला काहीतरी करावंसं वाटलं. मी वच्छलाबाईला विचारलं की विळा हातात न घेता त्याची आकृती काढली तर चालेल का. तिने वर्तमानपत्र दिलं. तिनेच विळा त्यावर धरला आणि मी पेन्सिलीने कड काढली. पूर्वीचा वाक किती असेल ते वच्छलाबाई सांगत गेली. "अजून थोडा. हां. इथं दात." मी दोनदा खोडलं. आकृती बरी आली, असं मला वाटलं. बऱ्याच वर्षांनी मी काहीतरी काढलं होतं.

लोहार कुठे आहे ते वच्छलाबाईने सांगितलं. बायपासच्या कडेला गाडीलोहारांची चार पालं होती. एका पालासमोर भाता चालू होता. माणूस सांडशीने लोखंड धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. मी कागद पुढे केला. लोहाराने तो उलटा धरला, मग सुलटा धरला, मग बायकोकडे दिला.

"हे काय होय?" तिने विचारलं.

चंद्रभानभाऊंनी सगळं सांगितलं. सूर्यभान, इळा, वच्छलाबाई, सगळं. तिने घण जमिनीवर टेकवून ऐकून घेतलं आणि आमच्यामागे उभ्या असलेल्या येझदीकडे बोट केलं.

"बाबा, तुमची गाडी कोठी हाय?"

"ही काय."

"कडी कोठी हाय?"

"गाडीतच हाय."

"मंग माप कडीचं घ्या ना! इळ्याचं काहून घेऊन राह्यले?"

लोहार खाली मान घालून हसला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नव्हतो. महिनाभर आम्ही नावाच्या मागे धावत होतो, आणि जिचा पाना हवा ती कडी रोज आमच्या खाली होती. कोणत्याही लोहाराने पहिल्याच दिवशी तो करून दिला असता. मी चित्रकला शिकवलेला माणूस, वस्तू समोर ठेवून काढा असं मुलांना ओरडून सांगायचो. मला हे सुचायला हवं होतं.

तिने कडीभोवती तार वळवली, खाचेची रुंदी बोटाच्या नखाने मोजली आणि ट्रकच्या तुटक्या कमानपट्ट्याचा एक तुकडा विस्तवात टाकला. विस्तव थंडावत होता म्हणून माझा कागद पेटवून आत सारला. "बरा पेटला," म्हणाली.

पाऊण तासात पाना झाला. काळा, ओबडधोबड. तिने कडीवर रॉकेल सोडलं, गाडी मोठ्या स्टँडवर घ्यायला लावली, मला गाडी मागून उचलून धरायला सांगितलं, म्हणजे चाक लोंबेल आणि स्प्रिंगवरचा भार जाईल. दात खाचेत बसला. चंद्रभानभाऊ पाना धरून बसले. लोहारणीने त्यांचा हात बाजूला केला. "तुमी नोका. पाठ हाय तुमची." तिने एकदा दाबलं. काही नाही. दुसऱ्यांदा अंगाचा भार टाकला. कडीतून किरर असा आवाज आला, एक टप्पा सुटला, मग दुसरा. शेवटचा सुटताना कट् असं वाजलं आणि चौथी खाचही उडाली. पण कडी नरम टप्प्यावर जाऊन बसली होती.

"झालं," ती म्हणाली. "आता हिले हात नोका लावू. पकडाले काई राह्यलंच नाई. जिथं बसली तिथं राहू द्या."

चंद्रभानभाऊंनी गाडी चालू केली. बायपासच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून ते एक चक्कर मारून आले. तिथे चांगले खड्डे होते. परत आले. पाठीमागे हात नेऊन पट्टा सोडला, घडी करून डिकीत टाकला. ते दुसरी चक्कर मारायला गेले. ती जरा लांबची होती. मी पालासमोर उभा होतो.

"आनंद झाला बुढ्याले," लोहारीण म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

मग ते आले आणि म्हणाले, "बसा मास्तर."

मी बसलो. गाडी दहा पावलं गेली असेल. मागून घसर घसर आवाज येऊ लागला. त्यांनी थांबवली. मी उतरलो, आवाज थांबला. मी परत बसलो तसं मडगार्ड पुन्हा चाकाला टेकलं. चाळीस वर्षांच्या स्प्रिंगा, त्यातून आता सर्वांत नरम. एका माणसासाठी बरोबर झाल्या होत्या.

"थोडं पुढं सरका," ते म्हणाले.

मी पुढे सरकलो. घसर घसर.

"श्वास धरून बसू का?" मी विचारलं.

ते हसले, पण लगेच थांबले. मग गाडीकडे बघत म्हणाले, "कडक करता येत असती तं केली असती मास्तर."

"छे, छे. कशाला? तुमची पाठ महत्त्वाची. मी यष्टीने येतो. यष्टीत खिडकी मिळाली की बरं वाटतं मला."

"मी स्टँडवर सोडतो."

"कसं सोडणार?"

ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही गाडी हाताने ढकलत, बोलत, रिक्षा मिळेपर्यंत चालत गेलो. रिक्षात बसल्यावर त्यांनी बाहेरून माझ्या मांडीवर नवा पाना ठेवला. "तुमी ठेवा. मले आता त्याचं काई काम नाई." मग त्यांना वाटलं असावं की हे बरोबर बोललं गेलं नाही. "आठवन म्हनून," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

मला खिडकी मिळाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे ती येझदी दिसेल म्हणून मी बघत होतो, पण ते पुढे निघून गेले असावेत. मी घरी पोचलो तेव्हा भिंतीपलीकडे त्यांचा आवाज मोठा होता. वहिनींना फोनवर सांगत होते. त्यांना पंखाच दिसत असेल.

डॉक्टरांकडे ते या वेळी एकटेच गेले. दुखणं निम्म्यावर आलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालू ठेवायला सांगितलं, श्यामने त्या माणसाला नको म्हणून कळवलं. दसऱ्याला त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला आणि मला सोनं द्यायला आले.

आता ते रोज जातात. सकाळी गाडी चालू झाल्याचा आवाज येतो, मग कोपऱ्यावर वळतो. भिंतीवर थाप मारायचं कारण उरलेलं नाही. संध्याकाळी आले की दारात उभं राहून सांगतात, अमक्याची गाय व्याली, तमक्याने पेरू दिले, हे घ्या. परवा म्हणाले, "तिथं सारे इचारतात तुमाले. मास्तर काहून येत नाई म्हनतात. ती बाई तुमच्या चहाचं इचारत होती."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, येतीन यष्टीनं."

चांदूर बाजारची गाडी सकाळी सव्वासातला आहे, नंतर पावणेनऊला. स्टँडवर जाऊन मी वेळा लिहून आणल्या आहेत. तिथून त्या बाईच्या गावाला पुढे काय मिळतं ते अजून विचारलेलं नाही.